यादीतलं क्लीव्हलंड

(जुलैची एकतीस तारीख. सिएटलच्या बेसबॉल स्टेडियममधलं धुलाईघर, न्यू जर्सीत रस्त्याकडेला उभी असलेली एक मोटार आणि क्लीव्हलंडच्या स्टेडियममधला एकशे अडतीस नंबरचा विभाग. मधे फक्त फोन.)

डीना : ...हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही आणि मुख्य म्हणजे हसायचं नाही. कळलं?

एमिल : फोनवर हसलेलं कुणाला दिसतंय, डीना?

डीना : मला ऐकू येतंय. तू हसतोयस. बंद कर आधी.

एमिल : अगं पण क्लीव्हलंड! क्लीव्हलंडच म्हणालीस ना तू? परत एकदा म्हण.

डीना : क्लीव्हलंड. तुझं माहेर. आता झालं समाधान?

एमिल : बारा वर्षं बॉल टाकतोय मी. चार संघ झाले. एकदा, एकदासुद्धा त्यांनी माझं नाव काढलं नाही. आणि आज अचानक?

डीना : आज त्यांच्या दोन डावखुऱ्या पिचरांचे खांदे एकाच आठवड्यात कामातून गेले. पहिल्या नंबरापासून ते जेमतेम दीड सामना लांब आहेत. त्यांना शेवटच्या दोन इनिंग सांभाळणारा डावखुरा हवाय, आज हवाय. सिएटल कसंही यंदा बुडालंय. त्यांना छत्तीस वर्षांचा घोडा पोसायचा नाही, नवी पोरं हवीत. क्लीव्हलंड दोन पोरं देतंय, सिएटल तुला देतंय. दोघांचं ठरलं. आणि तो मागे घरघर आवाज कसला?

एमिल : धुलाईची यंत्रं. मी धुलाईघरात लपलोय. बाहेर सगळे माझ्याकडे असे बघतायत जसं काही मी आजारी आहे.

डीना : कुणी मिठी मारली का?

एमिल : कॅचरनं मारली.

डीना : कॅमेऱ्यासमोर?

एमिल : जेवणाच्या टेबलापाशी. सूप पीत होता, एकदम उठला आणि मारली.

डीना : अरे देवा! आजच्या दिवशी कुणी मिठी मारली की सगळ्या जगाला कळतं, हा चालला. कुणी हात पसरून येताना दिसलं तर पळ सरळ. हे बघ, आपल्याकडे पस्तीस मिनिटं आहेत. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत क्लीव्हलंडच्या घड्याळात सहाला संपते, तुझ्या घड्याळात तीनला. सहा वाजून एका सेकंदाला कुणालाही कुणाशीही बदलता येत नाही.

एमिल : पण दोन्ही संघांचं ठरलंय म्हणतेस, मग अडलंय कुठे?

डीना : तुझ्यापाशी. तुझी परवानगी लागते. क्लीव्हलंड तुझ्या यादीत आहे.

एमिल : कसली यादी?

डीना : एमिल.

एमिल : अगं, खरंच विचारतोय.

डीना : दहा संघांची यादी! तुझ्या करारातच आहे ती. दर नोव्हेंबरात मी दहा नावं पाठवते, तू सही करतोस. या दहांकडे मला माझ्या परवानगीशिवाय पाठवायचं नाही. बाकी कुठेही पाठवा.

एमिल : ती होय! ती मी कधी वाचत नाही. तू पाठवतेस, मी सही करतो. गेल्या वेळी तर पार्किंगमधे उभा होतो, एका हातात सँडविच होतं.

डीना : मग त्या सँडविचसकट तू तीन वर्षं लिहून देतोयस की क्लीव्हलंडला जायचं नाही.

एमिल : मी? मी असं कधी म्हणालो? मी कसा म्हणेन? डीना, माझं अर्धं लहानपण त्या मैदानाच्या पायऱ्यांवर गेलं! तू त्यांचं नाव का घातलंस?

डीना : कारण मी शहाणी आहे. जिथं जायचं नाही त्यांची नावं मूर्ख लोक लिहितात. जिथून बोलावणं यायची शक्यता आहे, त्यांची नावं लिहायची असतात. म्हणजे बोलावणं आलं की ते आपल्या दारात येतात आणि म्हणतात, बाबा, काय दिलं तर येशील? आज आलेत की नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी मूठ मी तीन वर्षं झाकून ठेवली होती, या अर्ध्या तासासाठी.

एमिल : मला काही नको. मी असाच जातो. फुकट जातो!

डीना : हे वाक्य पुन्हा तोंडातून काढलंस तर मी ही गाडी समोरच्या झाडावर घालीन. आतमधे माझ्या मुलीचा नाचाचा क्लास चाललाय, मी इथं दोन फोन घेऊन बसले आहे, माझा अंत पाहू नकोस. ऐक. तुझा करार सप्टेंबरात संपतो. पुढचं वर्ष संघाच्या मर्जीवर. आवडलास तर ठेवतील, नाहीतर खांद्यावर थाप मारून निरोप देतील. छत्तिसाव्या वर्षी, दोनदा शिवलेला खांदा घेऊन, कोण विचारणार आहे तुला? मी त्यांना सांगितलंय, परवानगी हवी ना, मग पुढच्या वर्षाची हमी आत्ता लिहून द्या.

एमिल : आणि ते काय म्हणाले?

डीना : नाही म्हणाले. सहाला पाच मिनिटं कमी असताना हो म्हणतील. तोवर तू मूग गिळून बसायचं. आणि वडिलांना फोन करायचा नाही.

एमिल : वडिलांना? त्यांना तर पहिला...

डीना : अजिबात नाही! ते कुणाचे नोकर आहेत?

एमिल : क्लीव्हलंडच्या स्टेडियमचे. एक्केचाळीस वर्षं लोकांना खुर्च्या दाखवतात.

डीना : बस्स. तू फोन करणार, म्हाताऱ्याचा चेहरा खुलणार, साहेब लोक वरून बघणार, आणि कळणार की पोरगा जीव टाकतोय यायला. मग हमी कसली देतायत, साधं तिकीटसुद्धा देणार नाहीत. शब्द दे मला.

एमिल : दिला.

डीना : ठेवते. त्यांचा फोन येतोय.

*

एमिल : पप्पा?

लुडविक : कोण? एमिल? आज काय वार आहे?

एमिल : बुधवार.

लुडविक : तू रविवारी करतोस. कुणी गेलं का?

एमिल : कुणी गेलं नाही हो. पप्पा, जरा कोपऱ्यात जा. आजूबाजूला कोण आहे?

लुडविक : दारं उघडून वीस मिनिटं झाली, माणसंच आहेत आजूबाजूला. हां ताई, सतरावी रांग, खाली जा, डाव्या हाताला. थांबा, पुसून देतो, तळ्यावरून धूळ येते सगळी. बोल रे, थोडक्यात बोल.

एमिल : बसा आधी.

लुडविक : मी बसत नाही. बसणं हे लोकांचं काम.

एमिल : पप्पा, क्लीव्हलंडला मी हवाय. आज. आत्ता. दोन्ही संघांचं ठरलंसुद्धा!

लुडविक : हं.

एमिल : ऐकलंत का?

लुडविक : ऐकलं.

एमिल : हं काय? मी इथं कपड्यांच्या ढिगावर नाचतोय आणि तुम्ही हं म्हणता?

लुडविक : मग काय म्हणू? तू येणार नाहीस. उगाच कशाला तोंडाला पाणी आणतोस म्हाताऱ्याच्या?

एमिल : कोण म्हणालं येणार नाही?

लुडविक : तूच म्हणालास. लेखी.

एमिल : म्हणजे... ती यादी? तुम्हाला कुठून कळली?

लुडविक : सगळ्या गावाला कळली. तीन वर्षं झाली. पेपरात आली होती, दहाच्या दहा नावं. वर मथळा, ‘घरच्याच पोराला घर नको’. आम्हा नोकरांच्या खोलीतल्या फळ्यावर कुणीतरी कात्रण लावलं. सबंध मोसम होतं तिथं.

एमिल : तुम्ही काढून का नाही टाकलं?

लुडविक : काढलं असतं तर म्हणाले असते, म्हाताऱ्याला लागलं.

एमिल : आणि लागलं होतं?

लुडविक : चौदावी रांग उजवीकडे, साहेब. नाही, ही नाही, पुढची.

एमिल : पप्पा, लागलं होतं का?

लुडविक : नाही लागणार तर काय होणार? चार वर्षांचा होतास तेव्हापासून तुला या पायऱ्यांवर घेऊन येतोय मी. इथली टोपी घालून झोपायचास. आणि मोठा झालास, नाव कमावलंस, आणि लिहून दिलंस की काही झालं तरी त्या गावाला मला पाठवू नका. मी म्हटलं, असेल. पोराला बापाच्या धंद्याची लाज वाटत असेल. बाप चिंधी घेऊन खुर्च्या पुसतो आणि पोरगा मैदानात, बरं नाही दिसत.

एमिल : पप्पा!

लुडविक : मी काही बोललो का कधी तुला?

एमिल : तेच तर! तीन वर्षं तुम्ही फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. हवा कशी आहे, सॉसेज कुठलं खाल्लंस, ठेव. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून चिडचिडे झालेत.

लुडविक : म्हणून तू मलमं पाठवत होतास?

एमिल : मग काय! दर महिन्याला!

लुडविक : कपाटभर झालीत. शेजारची सगळी गल्ली लावते. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

एमिल : पप्पा, ऐका. ती यादी मी लिहिली नाही. माझी एजंट लिहिते, मी न वाचता सही करतो. आणि तीसुद्धा तुम्ही समजताय तसली यादी नाही. जिथं जायला मिळावं अशी आशा असते त्यांचीच नावं त्यात घालतात. म्हणजे वेळ आली की त्यांनी आपल्याला विचारावं लागतं, हातापाया पडावं लागतं.

लुडविक : म्हणजे जायचंय तिथलंच नाव ‘जाणार नाही’ म्हणून लिहायचं?

एमिल : हो.

लुडविक : ही कुठली रीत?

एमिल : धंद्याची. सगळेच करतात.

लुडविक : तुझ्या आईनं मला लग्नाला तीनदा नाही म्हटलं होतं. तसं?

एमिल : अगदी तसंच!

लुडविक : तिनं ते पेपरात छापलं नव्हतं.

एमिल : चुकलं माझं. वाचायला हवं होतं. नुसतं एकदा वाचलं असतं तरी मी ते नाव खोडलं असतं, पप्पा, आईशप्पथ खोडलं असतं.

लुडविक : ...थांब. नाक शिंकरतो.

एमिल : रडताय?

लुडविक : धूळ आहे. म्हणजे तू येतोयस?

एमिल : येतोय! म्हणजे... थांबा, तिचाच फोन. तुम्ही कापू नका, मी तिघांना जोडतो. डीना? ऐक, रागवू नकोस...

डीना : तू फोन केलास.

एमिल : कसं ओळखलंस?

डीना : तू नाकातून बोलतोयस. शब्द दिला होतास मला!

लुडविक : बाई, ती यादी लिहिणाऱ्या तुम्हीच का?

डीना : तेही आहेत? लाइनवर? वा! छान! आता क्लीव्हलंडच्या मोठ्या साहेबांनाही घे, सगळे मिळून केक कापू!

लुडविक : ओरडू नका. एक्केचाळीस वर्षं बिअर प्यायलेल्या लोकांना खाली बसवतोय मी, मला आवाज चढलेला चालत नाही. मला एवढंच सांगा, आमच्या गावाचं नाव घालताना या पोराला विचारलंत का?

डीना : नाही.

लुडविक : का?

डीना : कारण... मी संघ बघितला, मिस्टर झुपान. तिथं त्याचं घर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझं चुकलं ते. पण आता पस्तीस मिनिटांतली एकोणीस उरलीत, माफी मी सहानंतर नीट मागेन, चालेल?

लुडविक : चालेल. पण लक्षात ठेवेन.

एमिल : डीना, ते हो म्हणाले का?

डीना : नाहीच म्हणतायत. परवानगी द्यायची तर अशीच द्या, हमी नाही. 

एमिल : मग देऊन टाक! हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला?

लुडविक : कसली हमी?

डीना : पुढच्या वर्षाची. आत्ता आला तर दोन महिने नक्की, ऑगस्ट, सप्टेंबर. पुढे त्यांची मर्जी. मी म्हणतेय, पुढचं सबंध वर्ष लिहून द्या.

लुडविक : सबंध वर्ष म्हणजे एप्रिलपासून?

डीना : एप्रिलपासून.

लुडविक : उन्हाळाभर?

डीना : उन्हाळाभर.

लुडविक : एमिल, तू मधे बोलू नकोस. बाईंना काम करू दे.

एमिल : पप्पा, तुम्हीसुद्धा?

लुडविक : दोन महिन्यांसाठी तुझी आई तुझी खोली झाडायला काढणार, भिंत रंगवणार, अक्रोडाच्या पोळ्या भाजत बसणार, आणि ऑक्टोबरात तू पुन्हा गुल. त्यापेक्षा... श्श! गप्प बसा दोघं. प्रेंटिस येतोय.

डीना : कोण प्रेंटिस?

लुडविक : मोठ्या साहेबांचा उजवा हात. वरच्या काचेच्या खोलीत असतात हे, खाली कधी उतरत नाहीत. माझ्याकडेच येतोय.

डीना : मिस्टर झुपान! त्यांना सांगा तो येणार नाही! सांगा पोरगा हट्टी आहे, त्याला तुमचं गाव...

लुडविक : मी खोटं बोलणार नाही. यांचं मीठ खाल्लंय मी एवढी वर्षं.

डीना : अहो, थोडंसं!

लुडविक : थोडंसंही नाही. फोन खिशात टाकतो. कापू नका आणि खोकू नका.

एमिल : डीना, गेलं सगळं.

डीना : गप. ऐक.

लुडविक : ...नमस्कार साहेब. ...हो, चांगलं आहे, तीसेक हजार येतील आज. ...एमिल? का हो, त्याचं काय? ...अच्छा. ...अच्छा. ...आता ते मी कसं सांगणार, साहेब? यादीत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पेपरात वाचलं मी. ...हो, तेच, फळ्यावर होतं ते. ...नाही हो. त्या दिवसानंतर आमचं मनमोकळं बोलणं असं नव्हतंच. हवा आणि जेवण, बास.

डीना : (हळू) हे काय चाललंय?

एमिल : (हळू) खरं बोलतायत.

लुडविक : ...विचारून बघू म्हणता? साहेब, तीन वर्षं मी विचारलं नाही. बाप असून मी विचारलं नाही. एवढं लागलं होतं. ...ते मला कळत नाही, करार-बिरार. मी खुर्च्या पुसतो. ...त्याच्या बाई कोण आहेत, त्या फार कडक आहेत म्हणतात. ...हो. ...बरं, साहेब. ...सांभाळून, ती पायरी तुटकी आहे.

एमिल : पप्पा?

लुडविक : थांब. अजून दिसतोय.

डीना : मिस्टर झुपान, मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे. असलं काही मी ऐकलेलं नाही. माझ्या ऑफिसात जागा आहे.

लुडविक : मला इथं जागा आहे. किती वाजले?

डीना : पाच अठ्ठेचाळीस. आणि ते गप्प आहेत. दोन्ही फोन गप्प.

एमिल : डीना, पुरे झालं. देऊन टाक.

डीना : अजून बारा मिनिटं आहेत.

एमिल : आणि त्या बारा मिनिटांत त्यांनी दुसरा डावखुरा धरला तर? मिनेसोटाकडे एक आहे, टेक्सासकडे एक आहे! सगळं गाव डावखुऱ्यांनी भरलंय आज! मग मी इथं चौदा सामन्यांनी मागे पडलेल्या संघात बसू? आणि सप्टेंबरात थाप खाऊन घरी? डीना, तू माझ्यासाठी काम करतेस. मी सांगतो, हो म्हण.

डीना : चार मिनिटं दे.

एमिल : नाही.

डीना : तीन!

एमिल : अगं, मला पैशाचं काही नाही! मला तिथं जायचंय! माझे वडील तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत आणि मी मलम पाठवत बसलो! मला आज संध्याकाळपर्यंत त्या संघाचा व्हायचंय, बाकी सगळं गेलं खड्ड्यात!

डीना : बरं. ठीक आहे. तुझं आयुष्य. मी त्यांना लिहिते...

लुडविक : थांबा.

एमिल : पप्पा, तुम्ही मधे पडू नका.

लुडविक : मी पडत नाही. मी फक्त मला काय दिसतंय ते सांगतो. हा प्रेंटिस आहे ना, हा मला अकरा वर्षं ठाऊक आहे. हळू चालतो. दारात बाई आली तर तिच्यासाठी दार धरून पाच मिनिटं उभा राहतो. कधी धावताना पाहिला नाही मी याला.

डीना : आणि?

लुडविक : आत्ता दोन-दोन पायऱ्या चढत गेला. हातातला शेंगदाण्यांचा पुडा तिथंच टाकून.

डीना : अरे देवा.

लुडविक : पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

डीना : एमिल?

एमिल : ...किती मिनिटं राहिलीत?

डीना : नऊ.

एमिल : पप्पा, तो खरंच धावत होता? का नुसता घाईत होता?

लुडविक : टाय खांद्यावर गेला होता.

एमिल : ...थांब, डीना. पाच मिनिटं. पण पाच म्हणजे पाच.

डीना : शाब्बास.

एमिल : पाच मिनिटं मी करू काय?

लुडविक : पाणी पी.

एमिल : इथं नुसता साबण आहे.

लुडविक : हो हो, आजी, तुमची खुर्ची सावलीतच आहे, मी सांगितलं होतं ना. या. हात द्या.

एमिल : पप्पा, तुम्ही आत्तासुद्धा खुर्च्या दाखवताय?

लुडविक : मग काय करू? लोक उभे राहिले तर मागच्यांना दिसत नाही.

डीना : सहा मिनिटं.

एमिल : काही नाही?

डीना : काही नाही. माझी मुलगी काचेतून हात हलवतेय. तिचा क्लास सुटला. पाच... थांबा! थांबा, वाजतोय! कुणी श्वास घेऊ नका!

एमिल : पप्पा.

लुडविक : आहे मी.

एमिल : नाही मिळाली हमी तरी मी येतो. दोन महिने तर दोन महिने.

लुडविक : माहीत आहे.

एमिल : भिंत नका रंगवू.

लुडविक : तुझी आई ऐकणार आहे का?

डीना : एमिल! एमिल! दिली! पुढचं वर्ष पक्कं! लिहून दिलं, सहीसकट! तुझ्या फोनवर कागद आलाय, बोटानं सही कर, आत्ता, चार मिनिटं आहेत!

एमिल : कुठे आहे? फोन कानाला आहे माझ्या!

डीना : कानावरून काढ!

एमिल : काढला! दिसलं. इथं सही. इथंही?

डीना : दोन्हीकडे!

लुडविक : एमिल.

एमिल : काय?

लुडविक : या वेळी वाच.

डीना : मिस्टर झुपान, वेळ नाही!

लुडविक : तीन मिनिटं आहेत. पहिलं पान तरी वाच.

एमिल : ‘...खाली सही करणारा खेळाडू, एमिल लुडविक झुपान, क्लीव्हलंड संघाकडे जाण्यास स्वखुशीनं परवानगी देत आहे.’ वाचलं. स्वखुशीनं. आणि ही घे सही. आणि ही दुसरी.

डीना : आली! पोहोचली! पाच सत्तावन्न! पोरांनो, झालं! मी माझ्या मुलीला कडेवर घेऊन नाचणार आहे, ती बारा वर्षांची आहे, तिला लाज वाटेल, वाटू दे! उद्या सकाळी सातचं विमान, एमिल. आणि मिस्टर झुपान, माफी राहिली होती. मला माफ करा. मनापासून.

लुडविक : केलं. घरी या कधीतरी जेवायला. यादी न आणता.

डीना : येते. ठेवते आता, सतरा लोकांना कळवायचंय.

*

एमिल : पप्पा, आहात ना?

लुडविक : आहे. वरच्या मोठ्या पाटीवर तुझं नाव आलंय आत्ता. लोक टाळ्या वाजवतायत. बाराव्या रांगेतला एकजण मला मिठी मारून गेला. मी ओळखतसुद्धा नाही त्याला.

एमिल : प्रेंटिसला काय बेमालूम सांगितलंत हो! माझाही विश्वास बसला.

लुडविक : बसणारच. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत ते सगळं खरं होतं.

एमिल : ...हो.

लुडविक : मीही गाढव. एकदा विचारायला हवं होतं तुला.

एमिल : आणि लाजेचं जे म्हणालात, ते पुन्हा कधी म्हणू नका. शाळेत मी सगळ्यांना सांगायचो, हे स्टेडियम माझ्या वडिलांचं आहे. आठवीपर्यंत पोरांना खरं वाटायचं.

लुडविक : मलाही वाटायचं.

एमिल : उद्या संध्याकाळी मला उतरवलं तर तुमच्या विभागातून दिसेन ना नीट?

लुडविक : लोकांना छान दिसतोस.

एमिल : आणि तुम्हाला?

लुडविक : आम्ही लोकांकडे तोंड करून उभे असतो. नियमच आहे. पाहुण्या संघातून सहा वेळा येऊन गेलास तू, मी तुझा एक बॉल बघितलेला नाही. समोरच्यांची तोंडं पडली की समजायचो, पोरानं चांगला टाकला.

एमिल : सहाच्या सहा वेळा?

लुडविक : सहाच्या सहा.

एमिल : मग उद्या?

लुडविक : उद्या लोकांनी आपापली खुर्ची आपणच शोधावी.